समईच्या वातीसारखा वळलेला कापूस

मंगफ (कुवेत), गुरुवार संध्याकाळ

सिगरेट सुटावी म्हणून व्हेप, म्हणजे लिक्विडची वाफ ओढायची ई-सिगरेट घेतली, तेही तार आणि कापूस स्वतः बसवायचं. शेजारचे दापोलीचे सलीमभाई शिकवायला बसले. तारेचं वेटोळं जमलं. पण त्यातला कापूस मी देवाच्या वातीसारखा पीळ देऊन घट्ट वळला. लहानपणापासून हातांना तीच सवय. पहिल्याच झुरक्याला घशात जळका धूर.

सलीमभाई हसले. "अहो भाऊ, समई लावताय काय? सैल सोडा, नायतर लिक्विड चढणार कसं? पेपरात एवढं लिवता नि कापूस जमत नाय!"

हसून सोडायला हवं होतं. मी तडक उठलो, खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, सिगरेट घेतली आणि तिथेच ओढली. एकवीस दिवस न ओढता काढल्यावर. कापूस बदलायला पाच मिनिटं लागली असती. आयुष्यभर डेडलाइन पाळल्या, आणि पाच मिनिटं धीर नाही?

घरी बायकोने, सुमनने विचारलं, "जमलं का हो?"

"जमलं," म्हणालो. का म्हणालो? कापूस जळला, एवढंच सांगायचं होतं.

तिने लगेच पुण्याला मुलीला फोन लावला. "अगं, बाबांची सिगरेट सुटली बरं का!" आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे पोर आनंदाने रडत होती.