मिस्साचे प्रमुख पाहुणे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आमंत्रण आलं. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरांची बदली झालीय. रविवारी सकाळच्या प्रार्थनेत, म्हणजे त्यांच्या मिस्सात, निरोप. मेसेज बायकोच्या, शिवलीलाच्या मोबाईलवर आला : ‘ताई, नक्की या. सरांनाही आणा.’ त्यातल्या ‘सरांनाही’चा अर्थ उमरग्यात कुणालाही कळेल. एकतीस वर्षं मराठी शिकवली. तालुक्यातला कुठलाही सत्कार असो, माइक माझ्या हातात. थेट ‘प्रमुख पाहुणे’ लिहायला त्यांना संकोच वाटला असणार.
गेल्या आषाढात शिवलीलाचं पोटाचं ऑपरेशन याच दवाखान्यात झालं. अकरा दिवस होती. अजिबात घाबरली नाही. मी रोज संध्याकाळी जाऊन धीर देत होतो, त्याचा हा परिणाम. भाषणात ओझरता उल्लेख करावा.

४ फेब्रुवारी, मंगळवार
भाषण सुरू केलं. विषय : सर्वधर्मसमभाव.
वजीरभाईचं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. चर्चचा माइक त्यानंच बसवलाय, म्हणून विचारायला गेलो. म्हणाला, “गुर्जी, तिथं भाषण-बिषण न्हाय हो. त्यांची इबादत असती. लोकं उठले की उठायचं, बसले की बसायचं.”
साऊंडवाल्यांना कार्यक्रमाचा आशय कळत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
भाषण सतरा पानं. संकल्प : पाच मिनिटांत आटोपणे.
शिवलीलाला वाचून दाखवलं. चौथ्या पानावर तिला दूध उतू गेल्याचा वास आला. उठून गेली. गॅसवर दूध नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
शिवलीलानं सिस्टरांना फोन करून सगळं विचारून घेतलं. मला सांगत होती, की शेवटी शेवटी प्रसादासारखं काहीतरी देतात, ते फक्त त्यांच्या लोकांसाठी असतं, आपण घ्यायचं नाही. पुढं गेलंच तर हात छातीवर धरायचे, का कुठंतरी. पूर्ण ऐकलं नाही, जाकिटाला इस्त्री चालू होती. सर्व धर्मांचं सार एकच आहे. तपशिलात काय ठेवलंय?

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७.१०
निघतोय. भाषण नऊ पानांवर आणलं. आवाज उत्तम.

९ फेब्रुवारी, दुपारी २
क्रमानं लिहितो.
मान म्हणून पहिल्या बाकावर बसलो. पुढं कुणीच नसल्यामुळं कुणाचं बघून उठायचं ते कळेना. लोक उभे, तेव्हा मी बसलेला. मी उठलो, तर लोक गुडघ्यावर. शिवलीला मागं चौथ्या बाकावर बायकांत. ती एकदाही चुकली नाही.
वाचन कोळ्यांच्या गोष्टीचं. रात्रभर जाळं टाकून एक मासा नाही, मग येशूनं सांगितल्यावर होडी बुडेल इतके मासे. आमचं घराणं पिढीजात शाकाहारी. तरी मान डोलावली.
पुढं रांग लागली. पाहुण्यानं मागं रेंगाळणं बरं दिसत नाही, म्हणून पहिला जाऊन उभा राहिलो. तीर्थाला करतो तशी ओंजळ केली. फादरनी हळूच विचारलं, “कॅथलिक आहात का?”
मी शुद्ध उच्चारात सांगितलं, “लिंगायत!”
माइक जवळ होता. वजीरभाईचं काम चोख आहे. शेवटच्या बाकापर्यंत गेलं.
फादर हसले. डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला. बाकीच्यांना जे मिळालं ते सरसकट. डोक्यावर हात मात्र माझ्या एकट्याच्या. आणि तीन बारक्या पोरांच्या.
शेवटी फादर म्हणाले, सिस्टरांविषयी दोन शब्द बोलतील आपल्या पाहुण्या... मी उठून माइकपाशी पोचलो, तेव्हा त्यांचं वाक्य पूर्ण झालं : “...शिवलीलाताई.” एकतीस वर्षं व्याकरण शिकवणाऱ्याला स्त्रीलिंग कळू नये!
पण मी डगमगलो नाही. तिच्या उंचीला माइक खाली करून दिला आणि बाजूला उभा राहिलो.
ती आयुष्यात कधी माइकवर बोललेली नाही. पदराचं टोक धरून म्हणाली, “मला बोलता येत न्हाय. ऑपरेशनच्या आधी मला लई भ्या वाटत हुतं. घरी कुणाला सांगितलं न्हाय. सर रोज यायचे, धीर द्यायचे. त्येंचं बोलणं मधीच कसं तोडायचं? ते गेले की सिस्टर येऊन बसायच्या. काय बी बोलायच्या न्हाईत. नुस्ता हात धरायच्या. मग मी रडून घ्यायची. एवढंच.”
कुणी टाळी वाजवली नाही. सिस्टर उठून आल्या, हिला मिठीत घेतलं. दोघी रडल्या. पुढच्या दोन-तीन बायकाही. भाषणाचा इतका परिणाम मी आजवर पाहिला नव्हता. माझी सगळी भाषणं धरून.
बाहेर चहा होता. सिस्टर म्हणाल्या, “सर, ताईंना जपा.” उत्तरादाखल चार वाक्यं तयार होती. तोंडातून फक्त “हो” निघालं.

१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ११
काल दिवसभर तिला काही विचारलं नाही. योग्य प्रस्तावना सुचत नव्हती.
आज ती मेथी निवडत बसली होती. शेजारी बसलो. प्रस्तावनेशिवायच विचारलं, लई भीती वाटली होती का?
तिनं आधी माझ्याकडं नीट बघितलं. मी बाहेर निघालो नाही ना, याची खात्री केली असावी. मग सांगायला लागली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं एक कागद लिहिला होता. गॅसचा नंबर कसा लावायचा, माझ्या बीपीच्या गोळ्या कुठल्या डब्यात, दूधवाला कधी येत नाही. तो कागद तिनं उशीखाली ठेवला होता. ती परत आली नाही, तर मला सापडावा म्हणून.
त्या संध्याकाळी त्याच उशीपाशी बसून मी धैर्य या विषयावर बोललो होतो. विवेचन चांगलं झालं होतं, असं आठवतं.
पहिली जुडी संपली, दुसरी घेतली, तरी ती बोलत होती. मी एक शब्दही मधे बोललो नाही. खरं लिहायचं तर, एकदा सल्ला द्यायला तोंड उघडलं. तिनं माझ्यापुढं मेथी ठेवली.
निवडली. देठं लई ठेवली, असं तिचं म्हणणं.