कुंकू लावलेला डबा

जर्सी सिटी, शनिवार, ऑक्टोबर १९८६

आज वॉल्टर जिंकला! खालच्या मजल्यावरच्या या कृष्णवर्णीय शेजाऱ्याने तरुणपणी पदरमोड करून स्वतःच्या समाजातल्या माणसांवर सिनेमा काढला. तेव्हा शेवटचं रीळ लागायच्या आतच थिएटर रिकामं झालं होतं. मग रिळांचे डबे पलंगाखाली गेले. आज एका म्युझियमने तो पुन्हा दाखवला, पण वॉल्टरला एकच धास्ती: लोक पुन्हा उठून गेले तर?

सकाळी डबे निघताना सौ.ने हाताला लागेल त्या डब्याला कुंकू लावलं. "शुभ काम आहे, वॉल्टरभाऊ!" प्रोजेक्टरवाल्याला वाटलं, लाल खूण म्हणजे पहिलं रीळ. ते नेमकं शेवटचं! भरतवाक्य आधी, नांदी नंतर. आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

वॉल्टर ताडकन उठला. "थांबवा!"

मागून एक आजीबाई गरजल्या, "खाली बस रे बाळा, बघू दे!"

रीळ संपलं, टाळ्या पडल्या. मग सिनेमा पहिल्यापासून, आणि शेवटी तेच रीळ पुन्हा. मी मान वळवून पाहिलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती. आता कुंकवाला दोष द्यावा की श्रेय?

येताना ट्रेनमध्ये वॉल्टर सौ.ला म्हणाला, "वहिनी, पुढच्या खेळालाही त्याच डब्याला लावा."