तिसरी खूण

प्रिय मेरू,

नोट्स पाठव, नोट्स पाठव म्हणून जीव खाल्लास माझा! अगं, माझ्या नोट्सची पानं सासूबाईंनी केव्हाच फाडली आणि त्यात तळलेल्या बाउरसाकच्या पुऱ्या बांधून शेजारीपाजारी वाटल्या. तळणाचं तेल चांगलं शोषलं म्हणे पानांनी. तेव्हा डोक्यात जे उरलंय तेच लिहिते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला तेवढं पुष्कळ झालं.

पेशंटला हात लावायच्या आधी दारातच थांबून बघ. ओठांचा रंग, चेहरा, बसायची तऱ्हा. मग आपलं नाव सांग आणि त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घे. तो सांगतो ते एक, तुला दिसतं ते दुसरं. दोन्हींची खिचडी करू नकोस. एखादा म्हातारा ‘मला काही झालं नाही’ म्हणत असेल, पण गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकून बसला असेल, तर त्याच्या हातांवर विश्वास ठेव, जिभेवर नको. मी दर फोनवर आपल्या आईला ‘मजेत आहे’ म्हणते ना, तेही नुसतं सांगण्यातच धर.

आता चार खुणा. ताप, नाडी, तिसरी, आणि रक्तदाब. हसू नकोस, तिसरीच म्हणणार मी. छातीतून हवा आत-बाहेर होते ती. माझ्या सासऱ्यांच्या नावाचा पहिला अर्धा भाग म्हणजे नेमका तोच शब्द, आणि आम्हा कझाक सुनांना सासरच्या थोरांचं नावच काय, नावासारखा शब्दही वर्ज्य. लग्नाला दोन वर्षं झाली, तो शब्द माझ्या तोंडात आलेला नाही. धाकट्या दिराला ‘छोटे मालक’ म्हणते, ते एक वेळ ठीक. पण हा शब्द नर्सनं टाळायचा कसा? रशियन शब्द वापरून पाहिला, तर सासूबाई म्हणाल्या, भाषा बदलली म्हणून अर्थ बदलतो होय गं?

या खुणेची एक गंमत आहे, ती लक्षात ठेव. ती मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही. कळलं की तो मुद्दाम नीट घेऊ-सोडू लागतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि हळूच छातीकडे बघत राहायचं. मला हे छान जमतं. या घरात मी सगळंच असं चोरून बघायला शिकलेय.

प्रात्यक्षिकात मात्र माती खाल्ली. आमच्या नर्सिंगच्या बाई, राउशान आपायनी विचारलं, सांग चार खुणा. मी दुसरीवरून थेट चौथीवर उडी मारली. मधली कुठे गेली, म्हणाल्या. मी ‘हवेची ये-जा’ म्हणाले आणि सगळा वर्ग खो खो हसला. आपाय म्हणाल्या, सून म्हणून तू गुणाची असशील पोरी, पण नर्स म्हणून नापास. घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आणखी एकदा नापास झालीस की बास, चुलीला शिक्षण लागत नाही. आमचे हे तिकडे तेलाच्या विहिरींवर कामाला. फोनवर म्हणाले, आईचं ऐक.

आणि मग तो दिवस आला. चहा ओतताना माझं लक्ष सासऱ्यांकडे गेलं. हात गुडघ्यांवर, मान पुढे, ओठ निळसर. मनगट धरलं, छाती बघितली. अँब्युलन्सला फोन लावला. काय होतंय, तिकडच्या बाईनं विचारलं. मी म्हणाले, घरातल्या मोठ्यांना हवा पुरत नाहीये, हवेची ये-जा बिघडलीय. ती म्हणाली, घाबरू नका, गॅस गळत असेल, खिडक्या उघडा, गॅसवाल्यांना पाठवते. सासूबाईंनी मला अडवलं नव्हतं गं. त्या बिचाऱ्या रडत होत्या. माझी जीभच अडली. कुंपणापलीकडच्या रशियन ल्यूबा आजीनं येऊन फोन हिसकावला आणि एका वाक्यात सांगून टाकलं. अँब्युलन्सच्या आधी पाना घेतलेला गॅसवाला दारात हजर! वाचले सासरे, देवाची कृपा. माझी त्यात काहीच नाही.

खरं भय पुढे आहे. सासूबाई गावभर सांगत सुटल्या, सून असावी तर अशी, माणूस मरायला टेकलं तरी नाव घेतलं नाही! स्वतःच्या कानातले काढून माझ्या कानात घातले. आणि मेरू, मला बरं वाटलं. एक क्षणभर खरंच बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. सासरे एवढंच म्हणाले, सूनबाई, माझ्या नावानंच मला मारलं असतंस की. घे बाई खुशाल, माझी परवानगी आहे. त्यावर सासूबाई कडाडल्या, तुम्ही द्याल, पण लोकांची तोंडं कोण धरणार? त्यांनी पेला पुढे केला, चहा ओत म्हणून. नेहमीचंच.

गुरुवारी फेरपरीक्षा आहे. राउशान आपाय सासूबाईंच्या चुलतबहीण, म्हणजे मी वर्गात काय बोलले ते माझ्याआधी घरी पोचणार. सासूबाईंनी बजावलंय, ज्या तोंडातून तो शब्द निघेल त्या तोंडाला या घरचा चहा मिळायचा नाही. नोट्स हे नुसतं निमित्त गं. आईला विचार, गुरुवारी संध्याकाळी मी पिशवी घेऊन दारात आले, तर परत जा म्हणशील का? ती काहीही म्हणाली तरी तू तिच्या जिभेकडे नको, हातांकडे बघ आणि मला कळव. कारण मी तो शब्द म्हणणार आहे. आधी लिहून बघते. श्वास. तिनिसबेक यांच्या नावातला तिनिस, म्हणजे श्वास. लिहिला बघ. आता मोठ्यानं म्हणून बघते, सासूबाई दूध काढायला गेल्यात तोवर.

तुझीच,
झुपार