युटाला एकट्याने नाही

गिरीश,

फोर-व्हील ड्राइव्हची किल्ली शोधू नकोस, ती माझ्या पर्समध्ये आहे.

हिवाळाभर नकाशे पसरून तू युटाच्या वाळवंटातली ट्रिप आखलीस, आणि राजेश, शैलजा, बरोबर येणारे मित्र सगळेच गळाले. आपली माणसं! पॉटलकच्या एकत्र जेवणातला शिरा संपला की त्यांचा बेतही संपतो. तू मात्र ‘मग एकटाच जातो’ म्हणत हसलास. ले-ऑफमध्ये नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच हसलास, म्हणून मीही भुलले.

आज सकाळी गाडीत डोकावले. तंबू भरलायस, पण पाण्याचे कॅन रिकामे आहेत आणि कुकर परत ओट्यावर आलाय. मुक्कामाला गरम खिचडी नसेल तर ज्याला झोप लागत नाही, तो कुकर मागे ठेवून मैलोन् मैल निर्मनुष्य रस्त्यावर कशाला निघालाय, हे मला कळतं रे.

हॉस्पिटलात माझ्या ड्यूटीला बदली कोणी मिळालं की लगेच येते. तोवर तुझा मित्र केदार तुझ्याजवळ येऊन बसेल. त्याला सगळं सांगितलंय, उगाच हवामानावर गप्पा मारू नकोस. दुपारी आपण तिघं मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ.

रागाव, भांड, माझ्या नावाने बोटं मोड. फक्त मी येईन तेव्हा घरात सापड.

पद्मा