उश्कीरच्या फासळ्या आणि चाळिसावा दिवस

तालगर,
सफरचंदं उतरवण्याचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप कालताय मामांस भाचा येसेन याचा दोन्ही हातांनी सलाम.

आपल्या रीतीप्रमाणे आधी गुरांची चौकशी करतो. घोड्या दूध देताहेत ना, मेंढ्यांच्या शेपट्या भरल्या ना, आणि तो काळा बोकड अजून पोस्टमनवर डूख धरून आहे का? मग माणसांची: तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि तुमचा दोघांचा एकमेकांवरचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. 'सर्व' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. पाच आठवड्यांपूर्वी लिहिला असता तर खोटा ठरला असता.

एप्रिलात तुम्ही दोन महिन्यांचा उश्कीर माझ्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "भाच्या, ताझी म्हणजे शिकारी कुत्रा, घरातलं मांजर नव्हे. याच्या तीन फासळ्या दिसल्या पाहिजेत. चौथी दिसली तर समज, राजघराणं." हे वाक्य मी सूत्रासारखं पाठ केलं. (तीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवलं की माणूस सूत्र पाठ करतो, शंका विचारत नाही.) जूनमध्ये तीन फासळ्या दिसल्या. जुलैत चौथी दिसली, तेव्हा आईने, म्हणजे तुमच्या ताईने, चहाला चार घरं बोलावली. ऑगस्टात तर सगळ्याच दिसू लागल्या. गल्लीतले पांढऱ्या दाढ्यांचे जाणते लोक येऊन छातीवर हात ठेवून उभे राहात. तुम्ही स्वतः फोनच्या पडद्यावर त्याला पाहून "हा माझ्या आजोबांच्या कुत्र्यावर गेला रे!" म्हणत डोळे पुसलेत, हे मी केवळ आठवण म्हणून नोंदवतो, तक्रार म्हणून नाही. एकटी राउशान म्हणत होती, "अहो, कुत्रं वाळतंय." मी तिला समजावलं की हा कुलीनपणा आहे. "मग तुम्हीही थोडे कुलीन व्हा की," ती माझ्या पोटाकडे बघून म्हणाली. बायकोला वंशशास्त्रात गती नाही, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात सूनबाईंना मुलगी झाली. नातीच्या अंगात पहिलं झबलं चढलं, आणि आईने बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली: चाळिसाव्या दिवशी ते झबलं उतरवायचं, त्यात गोळ्या-टॉफ्या बांधायच्या, कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचं आणि मुलांनी त्याच्यामागे धावायचं. टॉफ्या मुलांच्या, झबलं मात्र ज्या बाईला मूल हवं आहे तिचं. ते तुमच्या लेकीने, माक्पालने, आधीच मागून ठेवलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मामा, तुम्हाला मी काय सांगू. फोनवर ती हसत हसत म्हणाली, "येसेनदादा, यंदा तुझा राजपुत्र धावणार, मग माझं काम झालंच." त्या वेळी राजपुत्र सफरचंदाच्या झाडाखाली पडला होता. मी त्याच्यासमोर हाड ठेवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसे माझे विद्यार्थी परीक्षेत प्रश्नपत्रिकेकडे पाहतात. शी डांबरासारखी काळी झाली होती.

बाजारामागे दिलनारा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई जनावरं तपासतात. आई आणि मी उश्कीरला तिकडे नेलं. त्यांनी त्याचा ओठ वर केला. हिरडी खडूसारखी पांढरी. "केव्हापासून असा आहे?" त्यांनी विचारलं. "कुलीन?" मी म्हणालो. "आजारी," त्या म्हणाल्या. मग शीचा नमुना काचेवर घेऊन त्यांनी आम्हाला सूक्ष्मदर्शकातून अंडी दाखवली. आईने दोन चष्मे एकावर एक लावून पाहिलं आणि "किती नीटनेटकी आहेत गं!" असा अभिप्राय दिला. आकड्यासारख्या तोंडाचे जंत असतात म्हणे. आतड्याला दात रुतवून रक्त पीत बसतात. पिलाला ते आईच्या दुधातून मिळतात, अंगणातल्या ओल्या मातीतून पुन्हा पायात शिरतात. कृमि या शब्दाची चोवीस रूपं मला झोपेत म्हणता येतात. पण अख्खं कुटुंबच्या कुटुंब माझ्या कुत्र्यात राहायला आलेलं मला चार महिने दिसलं नाही. "वाचेल ना?" आईने विचारलं. दिलनाराबाई म्हणाल्या, "रक्त फार गेलंय आजी. आठवड्याने विचारा." घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "माक्पालला सांगू नका." शेजारच्यांचा कुत्रा मागावा असं मी सुचवलं, तर म्हणाली, "त्या पिंपाला पोरं चालत गाठतील. आणि झबलं त्याच्या गळ्यातून निघणार कसं, कापून?"

आता गोळीचं पुराण. फोनवर तुम्ही सांगितलेला उपाय (कांदा, तंबाखू आणि मेंढीच्या शेपटीची चरबी) आम्ही केला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कांद्याने कुत्र्याचं उरलंसुरलं रक्तही जाईल, आणि तंबाखूबद्दल जे म्हणाल्या ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. मी गोळी घोड्याचं मांस भरलेल्या काझीच्या तुकड्यात लपवली. उश्कीरने काझी खाल्ली आणि गोळी स्वच्छ चाटून माझ्या बुटावर ठेवली. दुसऱ्यांदा लोण्यात घातली. लोणी गेलं, गोळी उरली. तिसऱ्यांदा मी त्याला ती किती हितकर आहे हे समजावून सांगितलं. शेवटी राउशानने त्याचा जबडा उघडला, गोळी घशात टाकली, गळा चोळला, आणि "झालं. पुढचा विद्यार्थी?" म्हणाली. पुढे लोहाचं औषध, कलेजीचं पाणी, दोन आठवड्यांनी पुन्हा गोळी. रोज सकाळी मी फावडं घेऊन अंगणातली शी उचलत असे, आणि तेच जाणते लोक कुंपणापलीकडून विचारीत, "काय प्राध्यापक, उत्खनन का?"

आठव्या दिवशी उश्कीर उठून पाण्यापर्यंत गेला. बाराव्या दिवशी हिरडीला गुलाबी कड आली. आईने शेजारणीला हाक मारून दाखवली. त्यानंतर आमच्या घरात मोजणी उलटी सुरू झाली. "सहावी बुजली!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची. "पाचवीसुद्धा!" एकेक फासळी आत गेली की आमच्या घरी कणकेचे बावरसाक तळले जात. ज्या गोष्टीच्या दिसण्याचा आनंद केला, तिच्याच लपण्याचा आनंद करण्याइतकं आम्ही शिकलो, हे काही कमी नाही.

चाळिसाव्या दिवशी दिलनाराबाई जातीने आल्या. शीच्या तपासणीत अंडी नव्हती, तरी अनवाणी एकही पोर अंगणात नको, अशी त्यांची अट. त्यामुळे बावीस मुलं मोठ्यांचे रबरी बूट घालून फटक फटक धावली. उश्कीरने सुरुवातीला चार पावलं टाकली आणि तो थांबला. माक्पाल ओठ चावत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. मग तो सुटला, मामा! सफरचंदांच्या टोपल्यांवरून, जाणत्या लोकांच्या गुडघ्यांमधून, तीन फेऱ्या. टॉफ्या मातीत पडल्या. ("कागद आहेत ना वर? मग चालतील," डॉक्टरीणबाई.) झबलं मात्र कुणालाच मिळेना. शेवटी तो माक्पालसमोर येऊन बसला. आई म्हणाली, दैवी संकेत. मी इतिहासकाराच्या प्रामाणिकपणे नमूद करतो की माक्पालच्या ताटात काझी होती. तिने रडत रडत त्याच्या गळ्यातलं झबलं सोडवलं आणि काझी त्याला दिली.

झबलं दोनदा उकळलं आहे. उकळल्याने आशीर्वाद जातो का, अशी आईला शंका आली. दिलनाराबाई गंभीरपणे म्हणाल्या, "नाही आजी. अंडी मरतात, आशीर्वाद टिकतो."

मामींना सलाम, बोकडाला नमस्कार.

तुमचा भाचा,
येसेन

ता. क. भाच्याने तीनदा मागावं आणि मामाने एकदाही नाही म्हणू नये, हा कायदा तुम्हाला मी सांगावा असं नाही. अकराव्या वर्षी मी खोगीर मागितलं, एप्रिलात उश्कीर. तिसरं मागणं शिल्लक आहे. आईचं मत, करडा घोडा माग. पण मी मागतो ते असं: माक्पालबरोबर अकरा पुड्या पाठवल्या आहेत, प्रत्येकीवर तुमच्या एकेका कुत्र्याचं नाव. सगळ्यांना एकाच दिवशी द्यायच्या. बाराव्या लाल पुडीत उश्कीरच्या आईसाठी दुसरं औषध आहे. ती पुन्हा गाभण आहे असं कळलं, आणि जंत दुधातूनच उतरतात.

ता. ता. क. "माझ्या कुत्र्यांना काही झालेलं नाही," असं तुम्ही आत्ता मोठ्याने म्हणालात. दिलनाराबाई रविवारी सूक्ष्मदर्शक घेऊन तिकडे येत आहेत. कुत्री डोंगरात लपवू नका. उश्कीरला मी सोबत पाठवतो आहे, तो सगळ्यांना शोधून आणील. आता त्याच्या तीनच फासळ्या दिसतात.