दहा लाख तीन

भूम, माघ शुद्ध द्वितीया, सन १९४४

प्रिय ईरण्णा,

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण अव्वानं बघितलं तर माझा हात मोडील. म्हणून हे पत्र टपालात न टाकता नागूबाईच्या नवऱ्याच्या हाती देतेय. तो उद्या हैदराबादला निघालाय. तुझ्या आई शांताक्का खुशाल आहेत. शेजारी असून मी रोज त्यांच्याकडं जात न्हाय, कारण तू कधी येणार हे त्याच मला विचारतात. मी काय सांगू, कपाळ?

कॉलेजला निघालास तेव्हा म्या विचारलं होतं, परत कधी येशील, अप्पांकडं मला मागणी कधी घालशील. तू हसलास. म्हणालास, दहा लाख तीन या आकड्याला बाकी न ठेवता भागणारा आकडा शोध, एक आणि तो स्वतः सोडून. सापडला की त्याच दिवशी निघतो. चेष्टा असंल, म्या खरं धरलं. अप्पांच्या दुकानाचे हिशेब करणारीला आकड्याची कसली भीती!

तेव्हापासून पाटीवर भागाकार चाललाय. दोन, तीन, पाच लगेच बाद झाले. मग सात, अकरा, तेरा, सदतीस. चौघांचीही बाकी चारच! सख्खी भावंडं जणू, लई हसले. अव्वा म्हणते पोरीला झपाटलंय. खरं सांगू, दर आकड्याला काळीज धडधडायचं, हाच असंल म्हणून.

एकदा भाकरी थापताना सुचलं, हजाराच्या पुढं जायचंच न्हाय. हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख. दोन आकड्यांच्या गुणाकारानं हा झाला असंल तर त्यातला एक हजाराच्या आतच पाहिजे. दोघंही पुढचे असते तर गुणाकार केवढा तरी वर गेला असता. आणि सहा, चौदा असले तर करायचेच न्हाईत. दोननं जे गेलं न्हाय, ते त्यांनी कसं जाईल? अगं बाई, केवढा आनंद झाला! आणि सांगायला तू न्हाईस.

काल शेवटचा, नऊशे सत्त्याण्णव केला. बाकी बारा. ईरण्णा, या आकड्याला भागणारा कुणीच न्हाय रे. चुलीपुढं बसून रडले. अव्वाला सांगितलं धूर झालाय. तुला हे ठाऊक होतं का? ठाऊक असून दिलास तर तो नकारच झाला. पण तू असा न्हाईस, तुलाही ठाऊक नसणार.

पौर्णिमेला माकणीचे पाव्हणे मला बघायला येतायत. म्हणून आज सकाळी अप्पांपुढं उभी राहिले आणि सांगून टाकलं, मला ईरण्णाच पाहिजे. अप्पांनी दुकानाच्या किल्ल्या हातात फिरवल्या. मग म्हणाले, पौर्णिमेच्या आत त्यानं माझ्यासमोर येऊन व्हय म्हणावं, न्हाय तर गुमान पाटावर बसायचं. तर मागणी म्या घातली, तुझं निम्मं काम केलं. आता ये.

पौर्णिमेपर्यंत तरी तुझीच,
मल्लम्मा