माया मंदिराचे दार

राजारामपुरी, कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२५

चि. अमरसिंह यास,
प्रियदर्शनी आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या मंडळाने गणपतीसाठी मेक्सिकोतील प्राचीन माया मंदिराचा देखावा ठरवून आराखडा माझ्याकडे मागितला, ही कोडोलीतील पहिलीच समंजस घटना होय. मात्र तुझ्या चित्रातील कळस आणि दोन हत्ती पाहून मला भोवळ आली. प्राचीन स्थापत्य मी तीस वर्षे शिकवले; माया लोकांकडे हत्ती नव्हते. सोबत आराखडा आहे : चहूबाजूंनी पायऱ्या, माथ्यावर गाभारा, त्याला एकच अरुंद दार. मापात सुताचाही फरक नको. आकाराम मिस्त्रींना म्हणावे, अंदाज घरी ठेवून यावे.

पत्र दुधाच्या गाडीबरोबर देते. मोबाइलवरचे तुझे मराठी मला वाचवत नाही.

लोभ आहेच, शिस्तही असावी.
आत्या

कोडोली
२५ ऑगस्ट

ती. आत्तीस,
अमरसिंहचा सा. न. वि. वि.

मंदिर एक नंबर झालंय. हत्ती काढले म्हणून पोरं दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाईत. पण घोळ झालाय. दार दोन फुटी आणि गणपती चार फूट रुंद. मूर्ती आत जात न्हाय, आणि परवा प्रतिष्ठापना! आकाराम मिस्त्री म्हणाले, बाईंनी देवाचं माप इचारलं हुतं का? अध्यक्षपदाचं माझं पहिलंच वर्ष. मंडळातलाच बाळासो चौकात विचारतोय, यंदा गणपती बाहेर आणि अध्यक्ष गाभाऱ्यात बसणार काय? तेवढं दार रुंद करू दे की.

पाया पडतो, नाही म्हणू नकोस.
अमर

राजारामपुरी
२५ ऑगस्ट, सायंकाळ

चि. अमरसिंह यास, आशीर्वाद.

मूर्तीचे माप कळवणे तुझे काम होते. विचारणे माझे होते, हेही खरे; ते आकारामांना सांगण्याची आवश्यकता नाही. दार रुंद होणार नाही. मायांना खरी कमान ठाऊक नव्हती. दगड थोडाथोडा पुढे सरकवून ते छत मिटवीत, म्हणून जागा अरुंद. रुंद दार मंगल कार्यालयाला शोभते. तथापि त्यांच्या काही मंदिरांच्या छपरावर राजांच्या भव्य बैठ्या मूर्ती असत. गणपती छपरावर बसवावा.

कुशल कळवावे, सबबी नकोत.
आत्या

कोडोली
२७ ऑगस्ट

ती. आत्तीस, सा. न. वि. वि.

आधी एवढंच, मूर्तीला नखसुद्धा लागलं न्हाय. बारा जणांनी ती हातांवर धरली हुती. छपराला नुसती टेकवली, तोवर छप्पर कुरकुरलं आणि पुढची अर्धी भिंत घेऊन खाली आलं. मग मिस्त्री ओरडले, वाट झाली की, चला आत! मुहूर्तावर गणपती बसला. पुढं ढिगारा, बाजूला उरलेली अर्धी भिंत. आता दर्शनाला रांग लागलीय. इचलकरंजीचं पावणं म्हणालं, हजार वर्षांचं पडकं देऊळ म्हंजे असंच. आणि बाळासो सांगत फिरतोय, आमच्या मंडळानं भिंतसुद्धा मापात पाडलीया!

फोटो पाठवतोय. उद्या डागडुजी करू का?

राग गिळून माया ठेव.
अमर

राजारामपुरी
२८ ऑगस्ट

चि. अमरसिंह यास, अनेक आशीर्वाद.

फोटो भिंगातून तीनदा पाहिला. तुम्ही प्राचीन मंदिर मागितले होते. मी कोरे करकरीत मंदिर काढून दिले. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने माझी चूक दाखवली नाही. ती तुमच्या छपराने दाखवली. ढिगाऱ्याच्या डाव्या कडेला कुणीतरी तुकडे नीट रचू लागले आहे. ते तत्काळ थांबवावे. उद्या सकाळच्या एसटीने येते. आकाराम मिस्त्रींना भेटायचे आहे. देवाचे माप मी विचारले नव्हते, हे त्यांना मीच सांगेन.

मी पोहोचेपर्यंत कुणीही, काहीही, दुरुस्त करू नये.

तुझी,
आत्ती